धाकटीला कोण न्हाऊ घालणार

२० ऑगस्ट, बुधवार

पाद्री गेवाओने अक्षरांचा वर्ग बंद केला. इबोलाची साथ आहे, एका छपराखाली माणसं जमवायची नाहीत, असा हुकूम निघालाय. रोज वहीत चार ओळी लिहा, नाहीतर दोन वर्षांची मेहनत ह्या पावसात वाहून जाईल, असं तो म्हणाला. आम्ही अकरा बायका त्याच्या चर्चमध्ये शिकत होतो. त्यातल्या नऊ मुसलमान. मी विचारलं, "लिहिलेलं तपासणार का?"

"नाही आजीबाई, ते तुमचं."

बरं झालं. म्हणजे खरं लिहिता येईल.

मी बैंदू. गाव मंगेबू. एकसष्ट साली इंग्रज आमच्या देशातून गेले, त्या वर्षी माझे दुधाचे दात पडत होते, यावरून वय काढा. तीस वर्षं मशिदीसाठी एक काम करते. गावातली बाई गेली की तिला न्हाऊ घालते. घरात आम्ही चौघी. मी, माझी धाकटी सवत याट्टा, माझी सून मस्सा आणि मस्साची तीन वर्षांची बोई. मुलगा कोनोला हिऱ्यांच्या खाणीत आहे, रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकलाय. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला. त्याची आठवण म्हणून त्याने मला याट्टा ठेवली आहे.

रोज एक गोष्ट अशी लिहा जिच्यासाठी आभार मानावेत, असंही पाद्री म्हणाला. आज याट्टा दुपारभर झोपली होती. अल्लाचे आभार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज.

गेल्या आठवड्यात राजधानीहून एक साहेब आला होता. जीपवर कर्णा लावून ओरडत होता, मयताला हात लावू नका, आजारी माणूस लपवू नका. पोरांनी जीपमागे दगड मारले. लोक म्हणतात, ह्या भागाने दुसऱ्या पक्षाला मतं दिली म्हणून सरकारनेच हा आजार सोडलाय. मला काही ते पटत नाही. आमचा रस्ता धड करता येत नाही ज्यांना, ते आजार कुठून बनवणार? पण त्या साहेबाचं मीही ऐकलं नाही.

आज नमाजाला मशिदीत पाद्री. चपला बाहेर काढून, मोज्याला अंगठ्याजवळ भोक. इमाम मोमोने त्याला शेजारी उभं केलं. पाद्रीने आमच्या पैगंबराचं वचन वाचलं की जिथे साथ आहे तिथे जाऊ नका आणि तुम्ही तिथे असाल तर बाहेर पडू नका. मग मोमोने पाद्रीच्या पुस्तकातून वाचलं, महारोग्याला सात दिवस वस्तीबाहेर ठेवायचं ते. परवा रविवारी दोघं चर्चमध्ये हेच करणार आहेत. एकमेकांचं पुस्तक वाचताना दोघेही अडखळत होते. पण गंमत अशी की सगळे गप्प बसून ऐकत होते. दगड कुणी उचलला नाही.

मग मोमो बायकांच्या पडद्याकडे वळून म्हणाला, "बैंदूकाकी, उभ्या राहा."

"गुडघे दुखतात. बसूनही ऐकू येतं मला."

लोक हसले. तो हसला नाही. "आजपासून कुणालाही न्हाऊ घालायचं नाही. ग्रंथावर हात ठेवून सांगा."

"मोमो, तुझ्या आईला मी न्हाऊ घातलं. तू दाराबाहेर रडत होतास, शेंबूड पुसायचीही शुद्ध नव्हती तुला."

"म्हणून तर दुसऱ्या कुणाची शपथ मला नको काकी. तुम्ही थांबलात तर सगळ्या थांबतील."

"आणि बाईला तशीच मातीत टाकायची? कचऱ्यासारखी?"

तो म्हणाला, पाण्याने अपाय होत असेल तर कोरडी माती. मातीनेही होत असेल तर तेही माफ. साथीत गेलेला शहीद असतो, त्याला अल्ला तसाच उचलून घेतो. मी म्हटलं, हे तू आत्ता काढलंस की आधीपासून लिहिलेलं आहे? पाद्री मध्येच म्हणाला, "आधीपासून आहे, आजीबाई. मी पण बघितलं." आता पाद्री मला इस्लाम शिकवणार!

घेतली शपथ. काय करणार, सगळं गाव बघत होतं.

घरी आले तर याट्टा अंगणात शेंगा सोलत बसलेली. "थोरले, धंदा बुडाला म्हणे तुझा." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि आपलं ठरलंय त्याचं काय?"

आमचं असं ठरलंय. नवऱ्याला पुरून आलो त्या दिवशी ओटीवर बसून ठरवलं. जी मागे राहील तिने पुढे गेलेलीला न्हाऊ घालायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. चाळीस वर्षं एकमेकींना ओळखतो, परक्या बाईपुढे उघडं कशाला पडायचं? तेव्हा याट्टा म्हणाली होती, "फक्त तू फार जोरात घासतेस, माझ्या वेळी जरा हळू."

मी म्हटलं, "साथ संपेपर्यंत मरू नकोस, म्हणजे झालं."

११ सप्टेंबर, गुरुवार

ओढ्यापलीकडच्या गिएमा गावाहून माणूस आला. याट्टाच्या बहिणीची मुलगी बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तिकडे न्हाऊ घालणारी कुणी उरली नाही. गेल्या महिन्यातच त्यांची ती बाई वारली आणि तिच्या हाताखालच्या दोघीही. तरी माणूस म्हणतोच, "ही साथ नव्हे, बाळंतपण आहे."

मी अंगणातूनच सांगितलं, शपथ आहे.

"पाद्रीच्या वर्गात बसून काफिर झालीस तू म्हातारे."

"काफिर तर काफिर. फोन करा, मयत पुरणारं सरकारी पथक येऊन नेईल."

तो थुंकून गेला. याट्टा चुलीपाशी होती, सगळं ऐकत होती. एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं मला आवडलं नाही, पण शांतता मिळाली म्हणून मी विचारलंही नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल पहाटे उठून याट्टा गेली होती. आज परत आली.

"मी घातलं तिला न्हाऊ."

मी म्हटलं, "तुला क्रम तरी ठाऊक आहे का?"

"तीस वर्षं तुझ्या तोंडून ऐकतेय. उजवीकडून सुरुवात, तीनदा पाणी, शेवटी कापूर."

"डावा हात आधी धुतला असशील."

"नाही धुतला."

"अगं पण का गेलीस?"

"बहीण एकटी बसली होती मुलीपाशी. कुणी तरी जायला हवं होतं. तू तर जाणार नव्हतीस."

हे शेवटचं तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तिला साबणाने दोनदा अंघोळ करायला लावली, कपडे जाळले. मोमोला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं की शिपाई येऊन घराभोवती दोरी बांधतील आणि भात कापणीला आलाय. चीफचा, आमच्या मुखियाचा, नियम आहे लपवायचं नाही म्हणून. इथे लिहिते, म्हणजे निदान वहीपासून तरी लपवलं नाही असं होईल.

२१ सप्टेंबर, रविवार

याट्टा डोक्यावर पडली आहे.

सकाळी ओटीवर उभी राहून ओरडायला लागली, मी तिचं तांब्याचं भांडं चोरलं म्हणून. कुठलं भांडं? ते भांडं पंचवीस वर्षांपूर्वी भोक पडून मोडीत गेलं. मग म्हणाली, नवऱ्याचे कान मी भरले, तिच्या मुलांना मी दूध दिलं नाही. तिला मुलंच झाली नाहीत! झाली असती तर दिलं असतं दूध. शेजारणी कुंपणापाशी येऊन ऐकत उभ्या.

"आजपासून तुझं तोंड बघायचं नाही मला. माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकलंस तर बघ."

"तुझा उंबरा? घर माझ्या मुलाचं आहे."

"मग मी जाते." आणि आपली चटई, ताटली, वाटी, लोटा घेऊन मागच्या जुन्या स्वयंपाकाच्या झोपडीत जाऊन बसली. दार लावलं. बोई तिच्या मागे मागे गेली तर तिलाही शिवी हासडली. बोईला! जिला चार दिवसांची असल्यापासून पाठीवर बांधून फिरली. लेकरू रडत परत आलं. लेकरावर कसला राग? माझ्यावर काढ ना.

मीही ठरवलंय, आता बोलणार नाही. बघू किती दिवस माज टिकतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बोलले नाही. मस्साने जेवण झोपडीसमोरच्या दगडावर ठेवलं. याट्टा आतून ओरडली, "ठेव आणि चालती हो." मस्सा म्हणते, आवाज बसलाय तिचा. म्हटलं, एवढं ओरडल्यावर बसणारच.

संध्याकाळी मस्सा म्हणाली, झोपडीमागे कुणीतरी ओकलेलं दिसलं. मी तिकडे निघाले तर याट्टाने आतून लाकूड फेकलं. नेम चांगला आहे अजून, पायाजवळ पडलं. मग मी परत आले. भांडण तिने काढलंय, मिटवायचं तिनेच.

झोप नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मोमो आणि पाद्री सकाळीच आले, मागून पांढरी गाडी. मोमोला कुणी सांगितलं कळत नाही. मी नाही, मस्साही नाही. गावात चुगलखोर काही कमी नाहीत.

गाडीतून तिघं उतरले, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, डोळ्यांवर काचा. एरवी लोकांनी अशी गाडी बघितली की पळापळ होते. आज नाही झाली, कारण मोमो पुढे चालत होता आणि पाद्री मागे.

याट्टा स्वतः दार उघडून बाहेर आली. चार दिवसांत अर्धी झालेली. डोळे लाल. भिंतीला हात लावत आली. मला ते सगळं लाकूड-बिकूड विसरायला झालं, मी पुढे गेले.

"थोरले!" एवढ्या जोरात ओरडली की कोंबड्या उडाल्या. "एक पाऊल पुढे टाकलंस तर तोंडावर थुंकीन. नवऱ्याची शपथ!"

सगळ्या गावाने ऐकलं. मी थांबले. पाद्रीने माझ्यासमोर छत्री आडवी धरली, दंडाला हात न लावता.

ती कुणाचा आधार न घेता गाडीत चढली. चढताना दोनदा गुडघ्यावर बसली, उठली, चढली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मीही काहीतरी बोलले असते. एवढ्या तापातही तोंड चालू, आणि चांगला शब्द एक नाही.

दुपारी घराभोवती दोरी बांधली. एकवीस दिवस. एक शिपाई बसवलाय. मस्सा रडते, बोई दोरीवर झोका घेते.

२७ सप्टेंबर, शनिवार

दिवसातून दोनदा एक माणूस येतो, कपाळाला पिस्तूल लावल्यासारखं यंत्र धरून ताप बघतो. बोई दर वेळी डोळे मिटून मेल्याचं सोंग करते. मला हसू येतं आणि मग येत नाही.

दोरीत बसलेल्यांना मोठ्या संस्थेचा ट्रक तांदूळ देणार होता. आला नाही. आज चौथा दिवस. पण पहिल्या दिवशीच मोमोने मशिदीतून तांदूळ आणि पामतेल पाठवलं. दुसऱ्या दिवशी चर्चच्या बायकांनी कसावाच्या पाल्याची भाजी दोरीशी ठेवली. मीठ कमी होतं, पण ताट भरून होतं. त्याच संध्याकाळी पाद्रीने स्वतः लाकडं आणून टाकली. त्याच्या पाठीला पाऊस, हाताला चिखल. म्हटलं, "तुझ्या घरी लाकडं तोडायला कुणी नाही का?" म्हणाला, "तुमच्या घरी नाही ना, म्हणून आलो."

मी आभार मानले. तोंडाने. तो इतका दचकला की लाकूड पायावर पाडून घेतलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

मोमो आला आणि दोरीपलीकडे ओल्या जमिनीवर बसला. मांडी घालून. काही बोलेना.

"बोल की. चिखलात बसायला आलास का?"

"याट्टाकाकी काल गेली."

मला वाटलंच होतं. तरी मी विचारलं, "कोण म्हणतो?"

त्याने सगळं सांगितलं, जसं सांगितलं तसं लिहिते. शुक्रवारी तो आणि पाद्री मोटरसायकलवर उपचारकेंद्राला गेले होते. तिथे कळलं की गेलेल्यांना प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या शेतात पुरतात. नाव नाही, आकडा असतो. बाई असो बाप्या असो, पुरुषच उचलतात. प्रार्थना नाही. दोघं फाटकातच बसले. हलणार नाही म्हणाले. तिथला अधिकारी म्हणाला, आम्हाला दिवसाला इतके मृतदेह, वेळ कुठे आहे? पाद्री म्हणाला, लोक मयत का लपवतात ते विचारा. ते लपवतात कारण तुम्ही त्यांच्या माणसाचा आकडा करून टाकता. नाव द्या, प्रार्थना द्या, बाईला बाई द्या, मग बघा गावं स्वतः फोन करतील. दुपार झाली, रात्र झाली, दोघं तिथेच. शनिवारी अधिकारी कबूल झाला.

"आणि रविवारी धाकटी गेली," मी म्हटलं.

"हो. ह्या पद्धतीने पहिली तीच."

"कुणी उचललं?"

"पथकात एकच बाई आहे. न्यांदा नावाची. तिने."

"कुठल्या मशिदीची?"

"चर्चची आहे काकी. पाद्रींच्या."

मी दोरीची गाठ चाचपली. मग विचारलं, "पाणी?"

"नाही."

"माती?"

"तीही नाही. कफन पिशवीवरून घातलं. तोंड नमाजाच्या दिशेला, किब्ल्याकडे केलं. मी दोरीपलीकडून नमाज पढलो. पाद्री माझ्यावर छत्री धरून उभे होते. फळीवर नाव लिहिलंय. पाणी माफ आहे काकी, शहीद आहे ती."

"तुझ्या पुस्तकात माफ आहे. माझं ठरलं होतं तिच्याशी, पुस्तकाशी नाही."

पाऊस आला तरी तो बसून राहिला. शेवटी मीच म्हटलं, "ऊठ. तुला ताप आला तर लोक म्हणतील, इबोला झाला."

१ ऑक्टोबर, बुधवार

बाईच्या तिसऱ्या दिवशी भात मांडला की ती नदीपार जाते, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. मोमोला असलं आवडत नाही, पण भात तोही खातो. मस्साने भात शिजवला, मी दोरीशी मांडला. न न्हालेली बाई नदीपार जाते का, हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांना विचारायची वेळच आली नाही.

ट्रक काल आला. तांदळाची पोती उतरवून घेताना माझा फोटो काढत होता एकजण. म्हटलं, सहा दिवस उशिरा आलास त्याचा पण काढ.

६ ऑक्टोबर, सोमवार

ईद झाली. दोरीच्या आत. मस्साने बोईला नवा फ्रॉक घातला आणि कुठेही नेता आलं नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दिवशी गिएमाहून बोलावणं मला होतं. मी शपथेमुळे गेले नाही, म्हणून ती गेली. मी गेले असते तर मी मेले असते. शपथेने मला वाचवलं. मग तिला कुणी मारलं?

मोमो आज दोरीशी आला तेव्हा हे विचारलं. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, "माहीत नाही काकी."

इतकी वर्षं इमाम आहे, कधी माहीत नाही म्हणाला नव्हता. पावसाचं विचारा, बकरीचं विचारा, उत्तर तयार. आज मला तो पहिल्यांदा मोठा झालेला वाटला. सांगितलं नाही. डोक्यात हवा जाईल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गावातल्या दोन घरांनी आपणहून फोन केला, आपलं आजारी माणूस नेण्यासाठी. शिपाई सांगत होता. आधी विचारलं म्हणे, याट्टाला केलं तसंच करणार ना? नाव लिहिणार ना? बाईला बाई देणार ना? मग फोन केला. एक तर लवकर गेला म्हणून वाचेल असं म्हणतात. याट्टाला कळलं असतं तर वर्षभर मिरवली असती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोरी काढली. चौघींतल्या तिघी जिवंत, ताप कुणाला नाही. अल्हम्दुलिल्लाह. मोमो, पाद्री, चर्चच्या बायका, मशिदीच्या बायका, सगळे अंगणात. कुणी कुणाला हात लावायचा नाही म्हणून सगळे लांबूनच दोन्ही हात छातीवर ठेवत होते. मलाही ठेवावे लागले. तेवीस जणांपुढे ठेवले. एवढे आभार मी जन्मात मानले नव्हते, एका सकाळीत संपवून टाकले.

ताप बघणारा माणूस वही घेऊन बसला. म्हणाला, "आजी, असं फार कमी बघितलंय. एका घरात, एका चुलीवर, आणि एकालाही लागण नाही. तुम्ही तिच्यापासून लांब कशा राहिलात?"

"आमचं भांडण झालं होतं."

"कुणी काढलं?"

"तिनेच. कारण नसताना."

"कधी?"

"रविवारी. ताप दिसायच्या आधीच."

त्याने लिहिणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मागच्या झोपडीकडे बघितलं, मग मान खाली घालून पुष्कळ वेळ लिहीत राहिला. सवतींच्या भांडणात एवढं लिहिण्यासारखं काय असतं?

१९ ऑक्टोबर, रविवार

आज ती न्यांदा गावात आली.

पंचविशीची असेल. उंच, हात लांब, बोटांची कातडी क्लोरीनने सोललेली. पथकाची गाडी आठवड्यातून तीन दिवस इकडे असते म्हणून गावात खोली शोधत होती. पाच घरांनी दार लावलं. बाजाराच्या गावी घरमालकाने तिचं सामान रस्त्यावर ठेवलं म्हणे. मेलेल्यांना हात लावणारी, घरात मरण आणेल. विहिरीवर बायका तिला पाणी घेऊ देईनात. मी तिथे घागर घेऊन गेले तेव्हा हे चाललं होतं.

"कोण ही?" मी विचारलं.

"ती पुरणारी, थोरले. तुझ्या धाकटीला नेलं ना, तीच."

ती मुलगी माझ्याकडे बघून मागे सरकली. तिला वाटलं मीही हाकलणार.

मी म्हटलं, "तू उचललंस का याट्टाला?"

"हो आजी. मी आणि चौघं. पण डोक्याकडून मीच धरलं होतं."

"जड होती?"

"नाही."

"आपटली?"

"नाही आजी! हळू ठेवलं. फार हळू. इमामसाहेब बाहेरून ओरडून सांगत होते, उजव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. मला त्यांचं काही येत नव्हतं. ते सांगतील तसं केलं."

"आणि तू काय म्हणालीस? तुझं काही म्हणालीस का, येशूचं?"

ती घाबरली. मग खरं सांगितलं. "म्हणाले. मनात. एकच ओळ. चुकलं का?"

मी तिथे उभी राहून विचार केला. तीस वर्षांत किती बायका मी न्हाऊ घातल्या, आणि एकीसाठीही इमामाने शिकवलेल्यापलीकडे माझं म्हणून काही म्हटलं नाही. ह्या परक्या पोरीने म्हटलं. जिचं नाव तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तिच्यासाठी.

"नाही चुकलं," मी म्हटलं. "माझ्या हातून व्हायचं होतं ते. तू केलंस. मी उपकार विसरत नाही. फेडायला मला जमत नाही, पण विसरत नाही."

मग तिची घागर घेतली आणि माझ्याआधी भरली. शेजारीण म्हणाली, "थोरले, ही घागर आता कोण वापरणार?"

"मी. आणि तुझ्या घरात कुणी मेलं की हिलाच बोलावशील, तेव्हा तोंड कुठे लपवशील ते आत्ताच बघून ठेव."

घरात आणलं तिला. समोरची मोकळी खोली दिली. मस्सा जरा कचरली, मग चटई घालून दिली. दुपारी मी एका ताटात भात वाढला तर न्यांदाने हात जोडले, "आजी, नियम आहे. एका ताटात नाही."

मग दोन ताटल्या घेऊन ओटीवर बसलो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा. थोड्या वेळाने मस्सा तिसरी ताटली घेऊन आली. मशिदीतून परतताना मोमो थांबला, भात उरलाय का विचारलं, हात धुतले आणि जरा लांब बसून जेवला. शेजारीण कुंपणाआडून बघत होती. बघू दे.

पोरगी चांगली आहे. उपकार मानते, मान खाली घालून बोलते, वाढलेलं मुकाट्याने खाते. भातात खडा आला तरी बाजूला काढून गप्प. मी म्हटलं, तुझ्या केसांची काय दशा झाली आहे! तर म्हणाली, "हो आजी." मी म्हटलं, पायऱ्या चढताना म्हशीसारखी धपधप चढतेस. तर म्हणाली, "सांभाळून चढेन."

असं घर कसं चालायचं? भांडता येत नाही तिला. शिकवावं लागेल.